न चाखता केलेला स्वयंपाक

माझ्या आईने स्वयंपाक करताना कधी चव घेतली नाही. घरात रोज नैवेद्य असायचा, आणि देवाच्या आधी कुणी चाखलं तर ते उष्टं, इतकं ते सरळ होतं. आमटी उकळली की ती झाकण काढायची, वाफेवर नाक धरायची आणि म्हणायची, "मीठ जरा कमी पडलंय." मग चिमूट घालायची आणि विषय संपायचा. पाहुण्यांपैकी कुणी कौतुक केलं तर म्हणायची, "चाखून काय, कुणीही करेल." मी तिच्याइतकी देवाधर्माची नाही, पण ती सवय माझ्या हाताला लागली ती लागलीच. पुढे जपानात, तेही एका सिसिलियन खाणावळीत, ती मला नडेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

ती दोन हजार सालानंतरची वर्षं होती. पुण्यामुंबईची सॉफ्टवेअरवाली मंडळी टोकियो-कावासाकीकडे थव्याने चालली होती. माझ्या नवऱ्याचं प्रोजेक्ट मात्र कोबेला लागलं. डोंबिवलीतली शाळेची नोकरी सोडून मी त्याच्याबरोबर गेले. माझ्या व्हिसावर 'डिपेंडंट' असा शब्द होता आणि तो वाचून मला दर वेळी नव्याने राग यायचा. नवरा सकाळी साडेसातच्या ट्रेनने जायचा. मग मी, खिडकीतून दिसणारं बंदर आणि कचऱ्याचं वेळापत्रक, एवढेच घरात उरायचो. कोणत्या दिवशी जळणारा कचरा, कोणत्या दिवशी बाटल्या, हे मी पाढ्यांसारखं पाठ केलं होतं, कारण पाठ करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

कोबे म्हणजे मागे डोंगर, पुढे समुद्र आणि मध्ये नुसता उतार. एका दुपारी उतरता उतरता निळ्या दाराची एक खाणावळ दिसली. आत सहा टेबलं आणि भिंतीवर हाताने काढलेला एका तीनकोनी बेटाचा नकाशा. मी घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं : मांस नको, मासे नकोत, अंडंही नको, मग काय मिळेल? वाढणाऱ्या बाई आत गेल्या. थोड्या वेळाने आतून साठीचे एक गृहस्थ बाहेर आले, मला नीट न्याहाळून परत गेले, आणि एक बशी आली. पिवळ्याधमक, तळलेल्या चौकोनी वड्या आणि लिंबाची फोड.

एक घास खाल्ला आणि मी मोठ्यांदा मराठीतच म्हणाले, "अगंबाई, ही तर पाटवडी!"

तिचं नाव पानेल्ले. चण्याचं पीठ पाण्यात घोटायचं, मीठ आणि कोथिंबिरीची बहीण शोभेल अशा पाल्याची जुडी चिरून घालायची, गोळा झाला की थापायचं, कापायचं, तळायचं. सिसिलीतल्या पालेर्मो शहरात गाडीवाले त्या वड्या पावात घालून, वर लिंबू पिळून विकतात असं ते गृहस्थ म्हणाले. म्हणजे वडापावच की! मी माझ्या मोडक्या जपानीत सांगितलं की माझी आई हे करते, वर खोबरं घालते. त्यांचा विश्वास बसेना. हातच्या काकणाला आरसा कशाला? दुसऱ्या दिवशी मी डबा भरून पाटवड्या घेऊन गेले. कोबेत कित्येक पिढ्यांची भारतीय व्यापाऱ्यांची घरं आहेत, त्यामुळे बेसनाची ददात नव्हती.

त्यांनी एक वडी सावकाश खाल्ली. मग दुसरी. मग विचारलं, "गुठळी कशी होऊ देत नाहीस?"

"हात थांबवायचा नाही. दारात पोस्टमन आला तरी."

त्यावर त्यांच्या बायको, म्हणजे त्याच वाढणाऱ्या बाई, हसल्या, आणि आठवड्याभरात माझं तिथे काम पक्कं झालं. अशा अर्धवेळ कामाला तिथे 'बाइतो' म्हणतात. सरकारी परवानगीचा शिक्का मिळवून मी आठवड्यातले चार दिवस जाऊ लागले. छोट्या खाणावळीच्या मालकाला सगळे 'मास्टर' म्हणतात, म्हणून तेही मास्टर. त्यांच्या बायकोला मी 'ओकुसान' म्हणायची, म्हणजे आपलं वहिनी किंवा बाई म्हणावं तसं. ते दोघं मला माझ्या आडनावाला 'सान' लावून हाक मारत आणि रोज त्या आडनावाची नव्याने खिचडी करत.

मास्टर तरुणपणी मालवाहू जहाजावर आचारी होते. पालेर्मोच्या बंदरात विषमज्वराने आडवे झाले आणि जहाज त्यांना तिथेच सोडून गेलं. बरे झाल्यावर ते एका विधवेच्या खाणावळीत राहिले, एक ना दोन, तीन वर्षं. त्या गावाबद्दल बोलायला लागले की एरवी मोजूनमापून शब्द वापरणारा हा माणूस हातवारे करायला लागे. तिथल्या बाजारात माशाची टोपली विकतानासुद्धा लोक गाणं म्हटल्यासारखे ओरडतात. रविवारी दुपारचं जेवण तीन तास चालतं आणि मध्येच भांडण होऊन, मिटून, परत पुढचा पदार्थ येतो. वांग्याला ते लोक साखर आणि व्हिनेगर दोन्ही घालतात, आणि केल्या दिवशी खात नाहीत, एक दिवस मुरू देतात. ती वांग्याची भाजी म्हणजे कापोनाता. चिंचगुळाच्या भरल्या वांग्यांवर वाढलेल्या मला ते ऐकून माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

भांडण झालं ते त्याच कापोनातावरून. पहिले दोन महिने मी नुसतं पीठ घोटलं. मग एके दिवशी मास्टर म्हणाले, आज कापोनाता तू कर. मी केली. ते शेजारी उभे होते.

"चाखलंस?"

"नाही."

"मग झालं हे कसं कळलं?"

"वासावरून."

चव घेऊन पाहण्याला जपानीत 'आजिमी' म्हणतात. मास्टरांच्या खिशात त्यासाठी एक लांब दांड्याचा चमचा कायम असायचा. त्यांनी तो काढला, चाखलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला, कारण मीठमसाला अगदी बरोबर होता. "बरोबर होणं हा अपघात आहे," ते म्हणाले. "चाखणं हा नियम आहे." पालेर्मोच्या त्या विधवेने म्हणे न चाखता वाढल्याबद्दल त्यांच्या बोटांवर लाकडी पळीने मारलं होतं. न चाखता वाढणारा माणूस पाहुण्याशी खोटं बोलतो, असं ती म्हणायची.

आमच्याकडे चाखून वाढलं तर उष्टं, तिच्याकडे न चाखता वाढलं तर खोटं. मी खरंच प्रयत्न केला. चमचा ओठांपर्यंत जायचा आणि तिथेच थांबायचा. मला स्वतःचाच राग येई, पण हात काही पुढे सरकत नसे. जित्याची खोड!

घरी सांगितलं तर नवऱ्याला हसू आवरेना. "अगं, एरवी तू संकष्टी कधी आहे तेसुद्धा विसरतेस. जस्ट टेस्ट कर ना, काय इश्यू आहे?"

"तुझ्या कोडचं टेस्टिंग तू स्वतः करतोस का?"

"छे, ते टेस्टिंग टीम करते. आपलं आपल्याला चुकलेलं दिसत नाही."

"मग?"

दुसऱ्या दिवशी हेच मी मास्टरांना शब्द जुळवून जुळवून सांगितलं : माझ्या नवऱ्याच्या कंपनीत एक जण करतो आणि दुसरा तपासतो. मास्टरांनी हातातलं भांडं पुसून ठेवलं. मग म्हणाले, "ठीक. तपासणारा मी." तेव्हापासून मी करायचं आणि त्यांनी चाखायचं असं सुरू झालं. दर वेळी चाखून ते मान हलवत, पण शाबासकी कधी दिली नाही.

ओकुसानचं मात्र वेगळंच होतं. त्या दिवसभर वाढायच्या, हसायच्या, वाकून नमस्कार करायच्या आणि अडीच वाजता गिऱ्हाइकं गेली की बेसिनपाशी उभ्याउभ्याच, पातेल्याच्या तळाशी जे उरलं असेल ते खायच्या. मास्टर कधीतरी विचारत, "कसं झालंय?" त्या म्हणत, "ओइशी." छान. तीस वर्षं त्यांनी दुसरा शब्द वापरला नसावा. मला ते पाहून माझ्या सगळ्या मावश्या-काकवा आठवायच्या आणि मी मनातल्या मनात चिडायची.

दुसऱ्या वर्षी, थंडी सरताना, मास्टरांच्या गळ्यात गाठ निघाली. निळ्या दारावर कागद लागला. ऑपरेशन झालं, मग कित्येक आठवडे गळ्याला किरणं दिली. मी डब्यातून मऊ भात पाठवायची, तो ओकुसान रिकामा करून, धुऊन, आत एखादं संत्रं ठेवून परत करायच्या. जूनमध्ये दार परत उघडलं, फक्त दुपारपुरतं. मास्टर निम्मे झाले होते. सदरा खांद्यावरून घसरत होता. पण खिशात चमचा होता, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माझं पीठ घोटणं पाहून "हात थांबला" असं ठणकावलं, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की डोळे पुसायला कांद्याची सबब करावी लागली.

गडबड आहे हे मला कळलं ते कचऱ्यामुळे. जळणारा कचरा बाहेर नेऊन ठेवणं माझं काम होतं. एरवी हलकी असणारी पिशवी एके दिवशी मला उचलवेना. पुढच्या वेळीही तेच. गाठ सोडून पाहिलं तर आत वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली, पाणी निथळून काढलेली कापोनाता होती, पातेलंभर. मी एक कागद उलगडून वास घेतला. नुसता खार. वांग्यात केपर नावाच्या खारवलेल्या कळ्या पडतात, त्या आधी पाण्यात भिजवून घ्याव्या लागतात. त्या भिजवल्या नसाव्यात, आणि वरून मीठही पडलं असावं.

मग मला बाकीचं दिसायला लागलं. खिडकीपाशी रोज बसणारे एक म्हातारे गृहस्थ अर्धी बशी टाकून "आज पोट भरलंय" म्हणाले होते आणि परत आले नव्हते. जेवण बिघडलंय असं जपानी माणूस तोंडावर सांगत नाही. तो फक्त यायचा थांबतो.

मी पिशवी हातात धरून उभी होते आणि मागे ओकुसान येऊन थांबल्या होत्या.

"त्यांच्या जिभेला काही कळत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "खारट, गोड, काहीच नाही. डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांत येईल, वर्षाने येईल, किंवा नाही येणार. त्यांनी मला सांगितलेलं नाही. मला डॉक्टरांनी सांगितलं. ते रोज चाखतात आणि मान हलवतात. मी छान म्हणते, आणि गिऱ्हाइकाला जाण्याआधी जमेल तेवढं बदलते. नाही जमलं तर टाकते."

"त्यांना सांगा ना."

"मग ते बंद करतील." एवढं बोलून त्या माझ्यापुढे वाकल्या. माझ्या आईच्या वयाची बाई कचऱ्याच्या पिशवीसमोर मला वाकून विनवत होती. "तू त्यांची जीभ हो. त्यांना न कळू देता."

आईची सवय त्या दिवशी मोडली. मास्टर पिठाचं पोतं आणायला मागे गेले आणि मी त्यांच्या पातेल्यात चमचा घालून तोंडात टाकला. जन्मात पहिल्यांदा मी वाढायच्या आधीचं अन्न चाखलं. आकाश कोसळलं नाही. मीठ जास्त होतं. मी घाईघाईने टोमॅटो ओतले आणि दोन-तीन आठवडे हे असं चोरूनमारून निभावलं. मग एकदा चमचा तोंडात असतानाच मास्टर दारात उभे दिसले.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग ओकुसानकडे. "दीड वर्षं जी मुलगी स्वतःचं पातेलं चाखत नाही," ते म्हणाले, "ती आज माझं चाखते आहे."

त्यांनी गॅस बंद केला. एप्रन काढून चार घड्या घातल्या आणि ओट्यावर ठेवला. खिशातला चमचा काढून त्या घडीवर ठेवला. आदळआपट केली असती तर मला सोसलं असतं. ते वरच्या मजल्यावर, आपल्या घरात निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी दारावर पुन्हा कागद लागला. ओकुसानचा फोन आला : महिनाअखेरीला चाव्या घरमालकाला परत द्यायच्या म्हणतात. बोलत नाहीत, जेवत नाहीत, गॅलरीत बसून बंदराकडे बघत राहतात.

मी चार दिवस रडले. पाचव्या दिवशी मला राग आला, आणि माझी कामं रागातच होतात. मी तडक त्यांच्या घरी गेले. ते गॅलरीत पाठमोरे बसले होते.

"माझी आई पस्तीस वर्षं न चाखता रांधते आहे," मी म्हणाले. "तिला कुणी आजारी म्हटलं नाही. सुगरण म्हणतात."

ते बंदराकडेच बघत राहिले.

"नाक चालतंय ना?"

ते न वळता म्हणाले, "चालतंय."

"कान? डोळे? हात?" मग मी सरळ "उठा" म्हणाले. वडीलधाऱ्या माणसाला उठा म्हणण्याचे जपानीत जेवढे नम्र प्रकार आहेत त्यातला एकही मला येत नव्हता. मी म्हटलं ते बहुधा कुत्र्याला म्हणतात. ते वळून माझ्याकडे बघायला लागले आणि, देव जाणे का, उठले.

बंद खाणावळीत, आतून कडी लावून, आमची शाळा भरू लागली. मी शाळेत शिकवलंय, पण असा हट्टी विद्यार्थी पाहिला नाही. मिठाला वास नसतो, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले. मलाही शाळेत तेच शिकवलं होतं. "मिठाला नसतो," मी म्हटलं, "भाजीला असतो, आणि मीठ पडलं की तो बदलतो." दोन पातेली ठेवली, एकात मीठ घातलेलं, एकात नाही. झाकण काढायचं, वाफ चेहऱ्यावर घ्यायची, सांगायचं. पहिल्या दिवशी दहा वेळांपैकी चारदा त्यांना बरोबर ओळखता आलं. तेवढं नुसत्या अंदाजानेही आलं असतं. मी सांगितलं नाही.

आई जे न बोलता करायची ते सगळं मला शब्दांत शोधावं लागलं, आणि तेही जपानी शब्दांत. चण्याचं पीठ कच्चं असताना पावसात भिजलेल्या पोत्यासारखा वास येतो, शिजलं की तो जातो. गोळा होत आला की बुडबुड्यांचा आवाज जाड होतो आणि मग पीठ कडा सोडतं. वांगं तळून झालं की तेल गप्प होतं. व्हिनेगर घातल्यावर नाकाला झोंबेनासं होईपर्यंत साखर घालायची. हे मी करत आले होते, पण मला हे माहीत आहे हे मला माहीत नव्हतं.

मिठाच्या चिमटीचं मी सांगितलं, तीन बोटांत येईल तेवढं. "किती ग्रॅम?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अंदाज." त्यांना तो शब्द फार आवडला नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तर इलेक्ट्रॉनिक काटा समोर ठेवून ते चिमूट उचलत होते, काट्यावर टाकत होते, आकडा बघत होते, परत उचलत होते. आठवडाभर त्यांनी तेवढंच केलं. शेवटी त्यांची चिमूट दर वेळी तेवढीच यायला लागली. आमचा अंदाज त्यांनी असा काट्यात पकडला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बरे दिसतात गं तुझे मास्टर. मलाही इतकी शिस्त नाही."

ऑगस्टच्या शेवटी त्यांनी एक दिवस स्वतः, माझी मदत न घेता, कापोनाता केली आणि रात्रभर मुरायला ठेवली. चाव्या द्यायचा दिवस घरमालकाने एकदा पुढे ढकलला होता, आता तो आणखी ढकलणार नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्टरांनी बशी भरली आणि माझ्याकडे बघितलं.

"मी नाही चाखणार," मी म्हटलं. "मी शिकवलंय. मला चूक दिसणार नाही." आमच्याकडे पहिलं ताट देवापुढे ठेवतात, तो काही बोलत नाही म्हणून बरं असतं, असंही म्हटलं.

मास्टरांनी बशी उचलली. मग खिडकीपाशी, जिथे ते म्हातारे गृहस्थ बसत, त्या टेबलावर त्यांनी रुमाल पसरला, काटा-चमचा मांडला, बशी ठेवली, आणि आत जाऊन ओकुसानना हाताला धरून आणलं. खुर्ची मागे ओढून दिली. ओकुसान बसेचनात. स्वतःच्या खाणावळीतल्या खुर्चीवर त्या पहिल्यांदा बसत होत्या हे त्यांच्या बसण्यावरूनच कळत होतं, अगदी कडेला, पाठ ताठ.

त्यांनी एक घास घेतला. मास्टर समोर हात बांधून उभे.

"ओइशी," ओकुसान म्हणाल्या.

मास्टरांचे खांदे पडले. त्यांना ते नको होतं, मलासुद्धा ते दिसलं. तीस वर्षांचं तेच छान. "मी बेसिनपाशी विचारत नाहीये," ते हळू आवाजात म्हणाले. "मला कळत नाही गं. तू खोटं बोललीस तर मला कुणीच उरत नाही."

ओकुसाननी मान खाली घातली. परत एक घास घेतला आणि या वेळी डोळे मिटून, खूप वेळ चावला. "मीठ ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण सेलरीचे देठ जाड चिरलेत. आणि साखर जराशी जास्त आहे. ही तुमची जुनीच खोड आहे. लग्न झाल्यापासून जास्त घालता."

मास्टरांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग हसले. आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. हसता हसता त्यांनी भिंतीला हात टेकला. ओकुसान घाबरून क्षमा मागायला लागल्या आणि ते म्हणत राहिले, "अजून सांग, अजून सांग." मी आत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले.

निळं दार सप्टेंबरमध्ये उघडलं. ते म्हातारे गृहस्थही महिन्याभराने परत आले आणि काहीच घडलं नव्हतं अशा चेहऱ्याने त्यांनी दोन वेळा भाजी मागितली. नियम मात्र बदलला होता. रोज साडेअकराला, दार उघडण्याआधी, पहिली बशी खिडकीच्या टेबलावर जायची. ओकुसान बसायच्या, रुमाल मांडीवर घ्यायच्या आणि खायच्या. सुरुवातीला चाचरत बोलायच्या. दिवाळीपर्यंत त्यांना कंठ फुटला होता. आज आमसर आहे, आज तेल जुनं वाटतं, काल बरं होतं. मास्टर ऐकून आत येत आणि त्या म्हणतील तसं करत. माझ्या जिभेची कुणाला गरज राहिली नव्हती आणि मी परत माझ्या जुन्या सवयीवर आले होते.

पुढच्या मार्चमध्ये नवऱ्याचं प्रोजेक्ट कावासाकीला हललं. माझ्या शेवटच्या दिवशी मी मागच्या खोलीतून बेसनाचा डबा आणायला गेले आणि दारातच थांबले. मास्टर पाठमोरे उभे होते. त्यांनी लिंबाची फोड उचलली, चावली आणि त्यांचं सगळं तोंड वाकडं झालं, एक डोळा मिटला, खांदे कानापर्यंत गेले. मग ते वळले आणि मला बघून जागच्या जागी थिजले.

मी काही बोलायच्या आत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"कधीपासून?" मी कुजबुजले.

"तीन आठवडे. आधी आंबट आलं. मग खारट. गोड अजून अर्धंच आहे."

"मग ओकुसानना..." मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं.

"तिला सांगू नकोस." त्यांनी पडद्याच्या फटीतून बाहेर बोट दाखवलं. ओकुसान खिडकीच्या टेबलाशी बसल्या होत्या. खुर्चीच्या कडेला नाही, चांगल्या मागे टेकून. समोर पहिली बशी, हातात काटा, आणि कपाळाला आठ्या घालून त्या एकेक घास तपासत होत्या. "माझी जीभ परत आली म्हटलं," मास्टर म्हणाले, "की ती उद्यापासून बेसिनपाशी उभी राहील."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, ठणठणीत, जरा रागावलेला. "आज व्हिनेगर फार झालंय हं!"

मास्टरांनी पटकन तोंड पुसलं, लिंबाची फोड माझ्या हातात कोंबली आणि पडदा बाजूला करून निरागस चेहऱ्याने विचारलं, "हो का?"